पिस्तुलाकडे नको, पावलांकडे बघा: हॉलिवुडचे जुने गँगस्टरपट पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी

माझी आत्या डोंबिवलीत चाळीस वर्षं कथकचे वर्ग घ्यायची. इंग्रजी सिनेमा तिला फारसा रुचत नाही, आणि काळा-पांढरा म्हटलं की ती सरळ झोपायला जाते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला ती आमच्याकडे होती. रात्री सगळं आवरल्यावर मी हॉलमध्ये 'द पब्लिक एनिमी' लावून बसलो होतो. ती चकलीच्या डब्याचं झाकण घट्ट लावायला आली, उभ्याउभ्या दोन मिनिटं पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, हा मुलगा नाचणारा आहे का?"

"गुंड आहे तो, आत्या. चोरून बिअर विकतो."

"विकू दे रे. उभा कसा राहतो बघ ना. सगळा भार पंजांवर. टाच नुसती नावाला टेकलीय."

तो मुलगा म्हणजे जेम्स कॅग्नी. रंगमंचावरचं त्याचं पहिलं काम १९१९ मधलं, न्यूयॉर्कमध्ये, बाईच्या वेशात कोरसमध्ये नाचण्याचं. पुढे त्याला ऑस्कर मिळालं तेही गुंड म्हणून नाही; १९४२ च्या 'यांकी डूडल डँडी'मधल्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या कलावंताच्या भूमिकेसाठी. मला हे सगळं पुस्तकं चाळून कळलं होतं. आत्याला ते हातात डबा धरून दिसलं.

तेव्हापासून कुणी "जुने गँगस्टरपट बघायचेत, सुरुवात कुठून करू?" असं विचारलं की यादी देण्याआधी मी एवढंच सांगतो: पिस्तुलाकडे बघू नका, पावलांकडे बघा. या सिनेमांची गोष्ट पहिल्या दहा मिनिटांत कळते. गरीब वस्तीतला पोरगा वर चढणार, झकास सूट शिवून घेणार, दोस्ताशी फाटणार आणि शेवटी रस्त्यावर पडणार. हे माहीत असूनही नव्वद-पंचाण्णव वर्षांनी आपण ते बघतो, कारण तो चढतो कसा आणि पडतो कसा हे प्रत्येक नटाचं वेगळं आहे.

आधी टीव्ही नीट लावा

हे कंटाळवाणं वाटेल, पण निम्मे लोक इथेच घसरतात. या काळातली चौकट जवळजवळ चौकोनी असते, म्हणून आजच्या रुंद टीव्हीवर डावी-उजवीकडे काळे पट्टे दिसतात. ते पट्टे असूच द्या. 'झूम' किंवा 'फुल स्क्रीन' केलंत तर एकतर माणसं बुटकी आणि रुंद होतात, नाहीतर वरून टोप्या आणि खालून नेमके पाय कापले जातात. टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी जी सोय असते तीही बंद करा. तिच्यामुळे १९३१ चा सिनेमा कालच्या मालिकेसारखा दिसायला लागतो.

संगणकावर रंग चढवलेली आवृत्ती मिळाली तर ती सोडून द्या. या सिनेमांची प्रकाशयोजनाच सावलीसाठी केलेली आहे. सावलीला तपकिरी रंग फासला की सगळं विझतं.

आणि इंग्रजी सबटायटल्स हमखास चालू ठेवा. तुमचं इंग्रजी कितीही चांगलं असो. मी पहिल्यांदा सबटायटल्सशिवाय बसलो आणि कोण कुणाच्या टोळीतला हे कळेपर्यंत तिघं मेले होते. ही मंडळी बोलत नाहीत, गोळ्या झाडतात. त्यात शब्द सगळे गल्लीतले. 'रॉड', 'गॅट', 'हीटर' म्हणजे पिस्तूल, आपल्या मुंबईच्या भाषेत घोडा. 'रॅट' किंवा 'स्टूल पिजन' म्हणजे खबरी. 'मग' म्हणजे थोबाड, आणि त्यावरून कुणीही ऐरागैरा माणूस. 'यलो' म्हणजे भेकड. ही शिवी नीट लक्षात ठेवा, पुढे एका सिनेमाचा शेवट तिच्यावरच उभा आहे. 'बिग हाउस' म्हणजे तुरुंग. 'ऑन द लॅम' म्हणजे फरार. आणि कुणी कुणाला 'राइड'ला नेतो म्हणाला तर तो फिरायला नेत नाहीये. गाडीतून गावाबाहेर नेऊन संपवणार आहे.

पार्श्वभूमी: जेवढी लागते तेवढीच

अमेरिकेत जानेवारी १९२० ते डिसेंबर १९३३ देशभर दारूबंदी होती. दारू तयार करणं, विकणं, वाहून नेणं गुन्हा. पिणारे मात्र होते तिथेच होते. मग चोरून चालणारे गुत्ते आले, त्यांना माल पुरवणारे आले आणि कोणत्या गल्लीत कुणाची बिअर विकायची यावरून मारामाऱ्या आल्या. महाराष्ट्रातल्या माणसाला हे फोड करून सांगावं लागू नये. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, त्यानंतरच्या हातभट्ट्या, प्रकृतीच्या कारणावर मिळणारे परवाने, हे आपल्याकडच्या वयस्कर लोकांनी पाहिलेलं आहे. 'परमिट रूम' ही पाटी त्याच काळाची उरलेली खूण. अमेरिकेतही डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधी व्हिस्की मिळत असे.

शिकागोत अल कपोन याच धंद्यावर मोठा झाला. १४ फेब्रुवारी १९२९ ला तिथल्या एका गॅरेजमध्ये सात जणांना भिंतीशी उभं करून मारलं. त्याला व्हॅलेंटाइन डेचं हत्याकांड म्हणतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला आणि बेकारी पसरली. म्हणजे १९३१ मध्ये तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाची नोकरी गेलेली, आणि पडद्यावर त्याच्यासारखाच एक पोरगा शिंप्याकडे उभा राहून सुटाचं माप देतोय. कपोनला शेवटी शिक्षा झाली ती खुनासाठी नाही, आयकर बुडवल्याबद्दल, ऑक्टोबर १९३१ मध्ये. तोवर त्याच्यासारखे तिघं-चौघं पडद्यावर येऊन गेले होते.

आणखी एक गोष्ट तेव्हाच घडली. सिनेमा नुकताच बोलायला लागला होता. टायर करकचून थांबतात, काच फुटते, मशीनगन तडतडते, हे सगळं लोक थिएटरात पहिल्यांदाच ऐकत होते. म्हणून या सिनेमांत कान उघडे ठेवा. मूकपटांतही गुंड होते, दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथने १९१२ मध्येच न्यूयॉर्कच्या गल्लीतले दाखवले होते. पण त्यांचा आवाज नव्हता.

पहिला सिनेमा कोणता

बहुतेक लोक सालाप्रमाणे 'लिटल सीझर'पासून सुरू करायला सांगतात. मी नाही सांगत. तो जानेवारी १९३१ चा आहे, ध्वनिमुद्रण अजून अवघडलेलं आहे, नट मायक्रोफोनच्या जवळपास खिळल्यासारखे उभे असतात. एडवर्ड जी. रॉबिन्सन सोडला तर बाकीच्यांकडे बघताना जांभई येते. नवख्या माणसाने तिथून सुरुवात केली तर तो दुसरा सिनेमा लावणारच नाही.

सुरुवात करा 'द पब्लिक एनिमी'पासून. एप्रिल १९३१, दिग्दर्शक विल्यम वेलमन, सुमारे दीड तासाच्या आत संपतो. टॉम पॉवर्स या पोराची गोष्ट. कॅग्नीला आधी टॉमच्या दोस्ताची भूमिका दिली होती आणि एडवर्ड वुड्स टॉम होता. चित्रीकरण सुरू झाल्यावर वेलमनच्या लक्षात आलं की उलट झालंय, आणि दोघांची अदलाबदल केली. लहानपणाचे प्रसंग मात्र तसेच राहिले. त्यामुळे छोटा टॉम वुड्ससारखा दिसतो आणि मोठा होऊन भलत्याच चेहऱ्याचा होतो. बघताना गोंधळ झाला तर चूक तुमची नाही.

या सिनेमाचं नाव काढलं की लोकांना आठवतो तो नाश्त्याच्या टेबलावरचा प्रसंग. टॉम अर्धं कापलेलं ग्रेपफ्रूट उचलून मे क्लार्क या नटीच्या तोंडावर चोळतो. आज तो बघताना अंगावर येतो, यायलाच हवा. पण हा सिनेमा त्या प्रसंगापुरता नाही. दोन जागा नीट बघा, किंवा खरं तर ऐका.

पहिली जागा. लहानपणी ज्याने चोरीला लावलं आणि नंतर वाऱ्यावर सोडलं, त्या पटी नोजला टॉम अनेक वर्षांनी गाठतो. तो माणूस गयावया करतो, जुनी आठवण काढतो, पियानोवर बसून पूर्वीचंच चावट गाणं वाजवायला लागतो. टॉम त्याच्या मागे जातो. आणि कॅमेरा तिथून सरकून दाराशी उभ्या असलेल्या दोस्ताच्या चेहऱ्यावर येऊन थांबतो. गोळीचा आवाज येतो, पियानोच्या पट्ट्यांवर अंग कोसळल्याचा आवाज येतो. आपल्याला दिसतो तो फक्त दोस्ताचा चेहरा.

दुसरी जागा शेवटाजवळची. दोस्ताच्या खुनाचा सूड घ्यायला टॉम मुसळधार पावसात एकटा शत्रूच्या अड्ड्यात शिरतो. कॅमेरा बाहेर रस्त्यावरच राहतो, पावसात. आत गोळ्यांचा कडकडाट, किंकाळ्या. मग टॉम बाहेर येतो, पिस्तुलं फेकतो आणि चालायला लागतो. इथे पावलं बघा. एक पाऊल फुटपाथवर, एक गटाराकडे. गुडघा वाकतो, पुन्हा सावरतो, आपण वाटलो तेवढे कणखर नाही असं स्वतःशीच पुटपुटतो आणि कोसळतो. आत्या म्हणाली ते पंजांवरचं वजन आता एकदम टाचांवर गेलेलं असतं.

त्यानंतरचा अगदी शेवटचा प्रसंग सांगून टाकला तर तुम्ही मला माफ करणार नाही. एवढंच सांगतो: घरात साबणाच्या फुग्यांचं एक गोड गाणं रेकॉर्डवर चालू असतं, आई वर खोली आवरत असते आणि दारावर थाप पडते.

एका दृश्यात कॅग्नी कोपऱ्यामागे दडी मारतो आणि भिंतीचे टवके उडतात. ते टवके खऱ्या गोळ्यांनी उडवलेले आहेत. त्या काळी नेमबाज आणून खऱ्या गोळ्या झाडत.

मग 'लिटल सीझर'

आता कान तयार झालेत, तर रॉबिन्सनकडे जा. जन्म बुखारेस्टचा, १८९३ चा, मूळ नाव इमॅन्युएल गोल्डनबर्ग. प्रत्यक्षात सौम्य, वाचणारा, चित्रांचा मोठा संग्रह बाळगणारा माणूस. गोळी झाडताना त्याचे डोळे आपोआप मिटायचे, म्हणून चित्रीकरणात पापण्यांना चिकटपट्टी लावावी लागली अशी गोष्ट सांगतात. त्याने साकारलेला रिको मात्र पापणी लववत नाही.

रिको नाचत नाही. तो ठाण मांडतो. पाय रोवून, मान खांद्यात घालून, जबडा पुढे. सारखा केसांवरून कंगवा फिरवतो. वर चढत असताना दारूला शिवत नाही. आणि या सिनेमात त्याचा जिवलग दोस्त कोण आहे? ज्याला टोळी सोडून नाचायचं आहे असा 'जो' नावाचा पोरगा. पुढे सगळं गमावलेला रिको एका भिकार निवाऱ्यात पडलेला असताना पोलीस मुद्दाम पेपरात छापून आणतात की तो भित्रा आहे. त्याला ते सोसत नाही. तो रागाने पोलिसांना फोन करतो आणि त्या फोनवरूनच त्याचा माग लागतो. गोळ्या खाऊन तो पडतो कुठे, तर एका मोठ्या जाहिरात फलकामागे. फलकावर चित्र आहे ते 'जो' आणि त्याच्या जोडीदारणीच्या नाचाच्या कार्यक्रमाचं. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती नुसती "हं" म्हणाली, जणू तिला अपेक्षितच होतं.

'स्कारफेस', पण १९३२ चा

शोधताना साल तपासा. नुसतं नाव टाकलंत तर १९८३ चा अल पचिनोचा सिनेमा समोर येईल. तोही बघण्यासारखा आहे आणि मूळ दिग्दर्शक-लेखकांना, म्हणजे हॉवर्ड हॉक्स आणि बेन हेक्ट यांना, अर्पण केलेला आहे; पण तो नंतर.

हेक्ट हा शिकागोत वार्ताहर म्हणून काम केलेला लेखक. १९२७ च्या 'अंडरवर्ल्ड' या मूकपटाच्या कथेसाठी त्याला पहिल्याच ऑस्कर समारंभात पुरस्कार मिळाला होता. 'स्कारफेस'चा निर्माता हॉवर्ड ह्यूज. सेन्सॉरवाल्यांनी हा सिनेमा बरेच महिने अडवला. नावाला 'देशाची लाज' अशा अर्थाचं शेपूट जोडायला लावलं, नायकाला फाशी दिल्याचा वेगळा शेवटही करून घेतला. त्या शेवटासाठी नायकाचं काम करणारा पॉल म्युनी उपलब्धच नव्हता, म्हणून त्यात त्याचा चेहरा दिसत नाही. तुम्हाला मिळालेल्या प्रतीत फाशी असेल तर ती चुकीची प्रत आहे. दुसरी शोधा.

बघताना एक खेळ खेळा. प्रत्येक खुनाच्या आसपास कुठेतरी फुलीची खूण असते. तुळयांवर, सावलीत, दारावर. पेपरात खुनाच्या जागेवर फुली मारून फोटो छापत, त्यावरून ही कल्पना. सर्वांत सुरेख फुली बोलिंगच्या, म्हणजे चेंडू घरंगळवून लाकडी पिना पाडायच्या, खेळात आहे. बोरिस कार्लोफने केलेला गॅफ्नी चेंडू सोडतो, गोळी लागते, तो पडताना आपल्याला दिसत नाही. दिसतात त्या पिना. सगळ्या पडतात, एकच उरते, गरगरते आणि शेवटी ती पण आडवी होते. गुणांच्या तक्त्यावर तेवढ्यात कुणीतरी फुली मारलेली असते.

पॉल म्युनी यिद्दिश, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतल्या, नाटकांतून आलेला. बाराव्या वर्षी म्हाताऱ्याचं काम केलेला नट. त्याचा टोनी कमोंटे माकडासारखा झुकलेला, खांदे लोंबलेले, नव्या शर्टांचा ढीग बघून पोरासारखा खूश होणारा. खून करायला निघाला की ऑपेरातली एक धून शीळ घालत येतो. मला म्युनी थोडा जास्त वाटतो, नाटकाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवण्यासाठी केलेला. पण त्याच्याशेजारी जॉर्ज राफ्ट आहे, जो काहीच करत नाही. एका हाताने नाणं उडवतो आणि झेलतो. त्याच्याकडे न बघता. तेवढंच.

राफ्ट न्यूयॉर्कच्या हेल्स किचन वस्तीतला, चोरट्या गुत्त्यांमध्ये पोटासाठी नाचलेला आणि खऱ्या गुंडांच्या ओळखीतला. अभिनय बेताचा, पण स्वस्थ उभं राहावं कसं हे त्याच्याकडून शिकावं.

१९३४ ची भिंत

इथे थोडं थांबून एक तारीख लक्षात ठेवा. सिनेमांसाठीची नीतिनियमावली १९३० मध्येच लिहिली होती, पण कुणी मनावर घेत नव्हतं. जुलै १९३४ पासून ती राबवणाऱ्या जोसेफ ब्रीनच्या कार्यालयाची मंजुरी सक्तीची झाली. यानंतर गुन्हेगाराचा रुबाब दाखवायचा तर सांभाळून, गुन्ह्याची पद्धत तपशिलात नाही, आणि शेवटी कायदाच जिंकला पाहिजे. जुने सिनेमे पुन्हा प्रदर्शित करताना त्यांतले तुकडेही कापले गेले.

स्टुडिओने काढलेली पळवाट मजेशीर आहे. १९३५ मध्ये 'जी मेन' आला. त्यात कॅग्नी सरकारी एजंट. तीच चाल, तीच तडफड, तीच गोळीबाराची हौस. फक्त खिशात बिल्ला. हा बघितला नाही तरी चालेल, पण एका संध्याकाळी 'द पब्लिक एनिमी'नंतर लगेच लावून बघा. टोपीखालचा माणूस तोच आहे हे लपत नाही.

भिंतीनंतरचा खरा खजिना म्हणजे १९३८ चा 'एंजल्स विथ डर्टी फेसेस'. दिग्दर्शक मायकेल कर्टिझ. दोन पोरं रेल्वेच्या डब्यात चोरी करताना पळतात. एक जोरात पळतो, सुटतो आणि मोठेपणी पाद्री होतो. दुसरा सापडतो आणि रॉकी सलिव्हन होतो. खांदे उडवत, कोपरांनी पँट वर सारल्यासारखं करत कॅग्नी इथे जो रॉकी उभा करतो, ती लकब त्याने लहानपणी आपल्या वस्तीत पाहिलेल्या एका माणसाची उचलली होती. पुढे आयुष्यभर नकलाकार त्याची नक्कल करताना हेच करत राहिले. (आणि "यू डर्टी रॅट" हे वाक्य. ते तसंच्या तसं तो कधी बोललाच नाही.)

शेवटी पाद्री मित्र मृत्युदंडाच्या कोठडीत येऊन रॉकीला मागणं घालतो: विजेच्या खुर्चीकडे जाताना भेकडासारखा रड, म्हणजे तुला देव मानणारी वस्तीतली पोरं तुझ्या वाटेला जाणार नाहीत. रॉकी झिडकारतो. मग जे होतं ते सावल्यांत होतं, आणि रेडिएटरला घट्ट धरलेल्या दोन हातांत. तो खरंच घाबरला की मित्रासाठी नाटक केलं? कॅग्नीने याचं उत्तर मुद्दाम मोकळं ठेवलंय. आपल्याकडे १९९५ च्या 'राम जाने'त शाहरुख खानने हीच गोष्ट केली. ज्यांनी तो आधी बघितला असेल त्यांनी मूळचा शेवट बघावा आणि हातांवर नजर ठेवावी.

बोगार्ट: चालणं अवघड असलेला माणूस

हम्फ्री बोगार्ट डॉक्टरचा मुलगा, सुखवस्तू घरातला, चांगल्या शाळेतून काढून टाकलेला. 'द पेट्रिफाइड फॉरेस्ट' या नाटकात त्याने ड्यूक मँटी हा फरार गुंड केला होता. १९३६ मध्ये सिनेमा करताना स्टुडिओला त्या जागी रॉबिन्सन हवा होता. पण नाटकातला प्रमुख नट लेस्ली हॉवर्ड अडून बसला, बोगार्ट असेल तरच मी. बोगार्टने पुढे मुलीचं नाव लेस्ली ठेवलं. या सिनेमात तो जवळजवळ खुर्चीत बसूनच आहे. उठतो तेव्हा हात पुढे लोंबकळतात, जणू बेड्यांची सवय सुटलेली नाही.

त्यानंतर चार-पाच वर्षं तो कॅग्नी आणि रॉबिन्सनच्या हातून मरत राहिला. मग १९४१ चा 'हाय सिएरा' आला. राफ्टने तो नाकारला होता. (राफ्टने 'द मॉल्टीज फाल्कन'ही नाकारला. बोगार्टचं अर्धं आयुष्य राफ्टच्या नकारांनी घडलं.) यातला रॉय अर्ल तुरुंगातून सुटून आलाय आणि जग त्याच्यापुढे निघून गेलंय. कॅग्नीचा गुंड वर चढताना बघायचा. बोगार्टचा थकलेला बघायचा. 'गॉडफादर' बघून या वाटेला आलेल्यांना बहुधा हा सर्वांत जवळचा वाटेल. नायिका आयडा लुपिनोचं नाव यात बोगार्टच्या वर आहे, आणि तिचा तो हक्कच आहे.

बायकांबद्दल

या सिनेमांत बायकांना फार कमी दिलंय. आई, ठेवलेली बाई किंवा दूरची गोरीगोमटी. 'द पब्लिक एनिमी'तली जीन हार्लो मोठं नाव असूनही अवघडलेली आहे. पण जिथे संधी मिळाली तिथे काय केलंय ते बघायचं असेल तर १९४८ चा 'की लार्गो' लावा. दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन. वादळात अडकलेलं हॉटेल, आत रॉबिन्सन आणि बोगार्ट. रॉबिन्सनची पहिली भेटच बाथटबमध्ये, तोंडात सिगार, शेजारी पंखा. बोगार्ट त्याच्या तोंडावर सांगतो की याला काय हवंय ते मला ठाऊक आहे, याला 'आणखी' हवंय. रॉबिन्सन क्षणभर विचार करतो आणि खूश होतो. बरोबर, आणखी! पुरेल का कधी? आजवर तर पुरलं नाही.

याच सिनेमात क्लेअर ट्रेव्हर त्याची जुनी मैत्रीण आहे, पूर्वीची गायिका, आता दारूच्या आहारी. तो तिला म्हणतो, गाणं म्हण, मग पेग देतो. ती सगळ्यांसमोर, साथीशिवाय गाते. सूर हलतो, आवाज फाटतो, ती तरी संपवते. आणि तो पेग देत नाही, कारण गाणं वाईट झालं. बोगार्ट उठून तिला ओतून देतो. ह्यूस्टनने तिला तालीम करू न देता ते गाणं एकदम म्हणायला लावलं होतं. या भूमिकेसाठी ट्रेव्हरला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. मला या सगळ्या सिनेमांतली सर्वांत क्रूर मिनिटं कोणती असं विचारलं तर हीच सांगेन, आणि त्यांत एकही गोळी नाही.

'व्हाइट हीट', लाइट बंद करून

हा शेवटी ठेवा, किमान सात-आठ बघून झाल्यावर. १९४९, दिग्दर्शक राउल वॉल्श, कॅग्नी पन्नाशीचा. अंग जाड झालंय, चेहरा फुगलाय. त्याने केलेल्या कोडी जॅरेटला डोकं फोडणारे झटके येतात आणि आईखेरीज कुणाचा भरवसा नाही. एवढा मोठा गुंड आईच्या मांडीवर बसतो. तुरुंगाच्या जेवणघरात तो नव्याने आलेल्या कैद्याकडून आईची खबर विचारतो. प्रश्न एकाच्या कानातून दुसऱ्याच्या असा बाकावरून सरकत जातो, कॅमेराही त्याच्याबरोबर सरकतो. उत्तर त्याच वाटेने परत येतं. प्रत्येक चेहऱ्यावर ते जरा जड होत येतं. आई गेली.

पुढचं अर्धं मिनिट मी लिहून दाखवू शकत नाही. आधी एक आवाज येतो, माणसाचा वाटत नाही असा. मग तो टेबलावर चढतो, ताटं तुडवत पुढे सरकतो, अडवणाऱ्या पहारेकऱ्यांना ठोसे घालतो. बाजूच्या कैद्यांच्या भूमिकेतल्या लोकांना तो काय करणार हे सांगितलेलं नव्हतं म्हणतात, आणि त्यांचे चेहरे बघितले तर ते पटतं.

हे बघितल्यावर थोडं हसायला हवं असेल तर १९५९ चा 'सम लाइक इट हॉट' लावा. त्यात म्हातारा राफ्ट एका पोराला नाणं उडवताना बघतो आणि ही फालतू सवय कुठून उचललीस असं विचारतो. तो पोरगा म्हणजे एडवर्ड जी. रॉबिन्सनचा मुलगा.

आता आवाज बंद करा

एक सिनेमा मी मुद्दाम मागे ठेवला होता: १९३९ चा 'द रोअरिंग ट्वेंटीज'. हाही वॉल्शचा. पहिल्या महायुद्धातून परतलेला एडी बार्टलेट, म्हणजे कॅग्नी, नोकरी नाही, टॅक्सी आणि मग चोरटी दारू. वर जातो, बंदी उठते, खाली येतो. सिनेमा आधी एकदा आवाजासकट पूर्ण बघा. मग शेवटची चार मिनिटं पुन्हा लावा आणि आवाज बंद करा.

गोळी लागलेला कॅग्नी बर्फात पळत सुटतो. तिरका, एका खांद्याने पुढे. चर्चच्या रुंद पायऱ्या येतात. तो चढतो, मधेच दिशा हरवतो, आडवा सरकतो, पुन्हा खाली उतरत येतो, पाय एकमेकांत अडकत नाहीत पण अडकतीलसं वाटत राहतं. मग ग्लॅडिस जॉर्ज ही नटी येते, त्याचं डोकं मांडीवर घेते. पोलीस काहीतरी विचारतो, ती उत्तर देते. आवाज नसतानाही तिचे ओठ कळतात: हा कधीकाळी मोठा माणूस होता.

यंदा आत्या आली तेव्हा मी तिला हा तुकडा लावून दिला. चष्मा लावून, पुढे सरकून, मांडीवर बोटांनी काहीतरी मोजत ती बघत होती. तो पडला तसा तिचा हात थांबला.

"समेवर पडला मेला," ती म्हणाली. "मागे घे रे. पायऱ्यांपासून परत लाव."